पाच ग्रॅम कमी-जास्त

सोमवार, ३ फेब्रुवारी. संध्या. ७.१०
तळपायाची आग मस्तकात गेली आहे. मुलीच्या वहीत, माझ्या देखरेखीखाली सोडवलेल्या गणितावर, बाईंनी लाल फुली मारली! दोन किलो अडीचशे अधिक दोन किलो साडेसातशे. मुलीने नुसतं 'पाच किलो' लिहिलं होतं. मी खोडायला लावून 'पाच किलो, पाच ग्रॅम कमी-जास्त' लिहून घेतलं. बावीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. आठवीत शाळा सोडली आणि काटे उघडून उघडून शिकलो, कुणाच्या बापाने शिकवलं नाही. तंतोतंत पाच किलो दाखवणारा काटा जगात नाही.
निर्णय पक्का. सरकारी शाळा बंद, मुलगी खासगीत. बायकोचं म्हणणं, आधी जेवून घ्या.

मंगळवार, ४. सकाळी १०.४०
शाळेत जाऊन अर्ज आपटला. दाखला द्या, आत्ताच्या आत्ता. बाई म्हणाल्या, दादा, क्लार्क रजेवर आहे, आठवडा लागेल. घाबरल्या असणार, तोंडावर पदर धरला होता. हसू दाबत असतील, असं हिचं मत. हिला माणसं कळत नाहीत.
वर्गातला फळा दोन अंश तिरका आहे. तेही सुनावून आलो.

बुधवार, ५
मुलगी रडली. म्हणे मला हीच शाळा हवी, याच बाई हव्यात. समजावलं, नव्या शाळेत बाक डुगडुगत नाहीत. (बघितले नाहीत. पण नसणारच.) मी दुकानात असताना हिने घरीच प्रवेश परीक्षेची तयारी करून घ्यायची. ही लगेच 'हो' म्हणाली. लग्नाला सोळा वर्षं झाली, पहिलीच वेळ.

शुक्रवार, ७
जुन्या शाळेचा गणवेश दोरीवर, ओला. का म्हणून खडसावलं. ही म्हणाली, कुणाला द्यायचा तर धुऊन द्यावा. हा व्यवस्थितपणा माझ्यामुळे आला.

शनिवार, ८. दुपारी १२.१५
खासगी शाळेचा फॉर्म. 'वडिलांचे शिक्षण' याला साडेतीन सेंटिमीटर जागा! माझ्या शिक्षणाला! संताप गिळून चार पानं जोडली. रकान्यांच्या रेघा वाकड्या होत्या, पट्टी घेऊन सरळ करून दिल्या. काउंटरवरच्या मॅडम बघतच राहिल्या.

रविवार, ९
परीक्षा झाली. तासाचा पेपर, मुलगी वीस मिनिटांत बाहेर. चेहरा फुललेला. प्रवेश झालाच म्हणायचा.

मंगळवार, ११. संध्या. ६.३०
प्रिन्सिपॉलने बोलावून पेपर पुढ्यात टाकला. वीसपैकी शून्य. कुत्र्याला पाय किती? चार, एक कमी-जास्त. सात आठे? छप्पन्न, पाच कमी-जास्त. आठवड्याचे वार? सात, एक कमी-जास्त. वीसच्या वीस उत्तरं अशी. विचारतो, हिला घरी कोण शिकवतं? छाती काढून सांगितलं, मी. त्यावर गृहस्थाने शिपायाला बोलावून मला दार दाखवलं. मला!
असल्या शाळेत मुलगी घालायची नाही, हे जिन्यातच ठरवलं. पोरीचं मात्र कौतुक वाटतं. बापाचा शब्द किती मानावा! घरी बातमी सांगितली तर आईच्या कुशीत तोंड खुपसून गदागदा हलत होती. फार लागलं तिला.

बुधवार, १२. सकाळी ८.०५
दाखला निघाला असेल तर? तीही शाळा गेली, हीही गेली. माझ्यासारखीच पोरगीही शाळेविना राहायची. स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली. जातो.

बुधवार, १२. सकाळी ११.२०
बाईंपुढे उभा राहिलो. दाखला नको, एवढंच निघालं तोंडातून. बाईंनी हजेरीपुस्तक उघडून समोर सरकवलं. चार तारखेपासून माझी मुलगी हजर, हजर, हजर. एक खाडा नाही. माझा अर्ज पानात खुणेला घातलेला.
बाई म्हणाल्या, दादा, तुम्ही अर्ज दिलात त्याच दिवशी वहिनी येऊन गेल्या. सांगून गेल्या, दाखला काढू नका, यांचा राग सात दिवस टिकतो, दोन कमी-जास्त.
घरी येऊन कॅलेंडरवर मोजलं. तो सोमवार सोडून आजपर्यंत नऊ दिवस.
गणित बरोबर आहे.