तणावपूर्ण शांतता

नोएडा

ती. आईस सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

खाडीतल्या जाळ्यांवरून आपल्या वाडीचं आणि मोहल्ल्याचं भांडण झालं, तेव्हा तू आणि सईदाचाचीने सगळ्यांना एकत्र बसवून ते मिटवलंत. त्या बैठकीचं चित्रीकरण आमच्या चॅनलकडे आलं होतं. संपादक म्हणाले, "यात काही घडतच नाही." त्यांनी मला त्याऐवजी गावच्या रिकाम्या रस्त्याचं दृश्य लावायला सांगितलं. खाली अक्षरं होती, 'तणावपूर्ण शांतता'.

आई, ती नेहमीची दुपार होती. सगळे जेवून आडवे झाले होते.

तेवढंच दृश्य दिवसभर फिरत राहिलं. त्यात आपलं बंद दार दिसतं आणि आत फोन वाजतो. तो त्या दुपारी मीच केला होता. तू उचलणार, एवढ्यात दृश्य पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. संध्याकाळपर्यंत मला वाटायला लागलं, घरात कुणी नाहीच.

काल गावाहून राजेंद्रदादा फोनवर सांगत होता, बातमी बघून लोक आता खरंच दारं लावून बसतात. सईदाचाचीही आपल्याकडे येत नाही म्हणे. मी संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बातमी खरी निघाली."

मी नोकरी सोडली. शनिवारी रत्नागिरीला उतरेन. दार वाजलं तर घाबरू नकोस, मीच असेन.

तुझी,
श्रुती