अब्राहामाची लेक

४ फेब्रुवारी

व्याहीबुवा यांस,
स. न. वि. वि.

आपण एकमेकांना पाहिलेलं नाही, म्हणून आधीच सांगतो : मी तुमच्या सुनेचा बाप, शिंपी. पोरगी गेली त्याला या महिनाअखेर वर्ष होईल. जावयांनी तिच्या कबरीवरच्या दगडाचा मजकूर पाठवला. तुमची लिपी मला येत नाही; त्यांनी खाली अर्थ लिहून दिला होता. तिचं नाव, आणि पुढे ‘अब्राहामाची लेक’.

तुमचं नाव अब्राहाम असावं, असं मी धरून चालतो. ती तुमच्या घरात आली, तुमचा धर्म घेतला. मी लग्नाला आलो नाही, तेही खरं. पण म्हणून तुम्ही सरळ बापाच्या जागी जाऊन बसावं? तिला बोट धरून कुणी चालवलं? काज कसं करायचं, हे ती माझ्या मांडीवर बसून शिकली. सासरे आहात, सासरेच राहा की. दगड बसायच्या आत नाव बदला.

घरी सर्वांची प्रकृती बरी असेल. राग आहे, पण म्हणून विचारायचं राहू नये.

आपला,
व्याही

११ फेब्रुवारी

व्याहीबुवांस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो, मग बराच वेळ चष्मा पुसत बसलो. अहो, माझं नाव अब्राहाम नाही. मी पुस्तकं बांधणारा माणूस. खळ, दोरा आणि पुठ्ठा एवढाच माझा संसार. अब्राहाम हा आम्हा यहुद्यांचा मूळपुरुष. बापाचं घर सोडून निघ, असं देवाने त्याला सांगितलं, आकाशातल्या ताऱ्यांइतकी संतती देईन म्हणाला, आणि दोघांत करार झाला. त्या कराराची खूण म्हणून आमच्यात मुलाची आठव्या दिवशी सुंता होते. बाहेरून जो कुणी आपणहून या करारात येतो, त्याला अब्राहामाचा मुलगा किंवा मुलगी म्हणतात. अब्राहामही आधी परकाच होता ना.

तुमच्या लेकीला ते नाव मिळालं तेव्हा मी तिथे होतो. आजपासून तुझा बाप अब्राहाम, असं धर्मगुरूंनी सांगितलं. तिने विचारलं, की माझा बाप जिवंत आहे, मग त्याचं काय करायचं? धर्मगुरू गडबडले. म्हणाले, त्याला मान द्यायचाच, तो कुठे जात नाही. मग ती हो म्हणाली. घरी आली आणि मशीनपाशी बसून दिवसभर हाताने काजं करत राहिली. आम्ही कुणी त्या खोलीत गेलो नाही.

शाळेत आम्ही सासरी निघालेल्या मुलीची एक कविता एका सुरात म्हणायचो. बापाचं कडवं आलं की मास्तर खिडकीबाहेर बघायचे. आम्हा कार्ट्यांना वाटायचं, ओळ विसरले. हल्ली ते कडवं आपसूक ओठांवर येतं आणि तुमचा न पाहिलेला चेहरा दिसतो.

तुमच्या पत्रानंतर धर्मग्रंथ पुन्हा उघडला. अब्राहामालाही बाप होता. मुलगा निघून गेल्यावर तो साठ वर्षं जगला, असा हिशेब निघतो. त्या वर्षांत तो दारात येऊन उभा राहायचा का, कुणाकडे मुलाची चौकशी करायचा का, एक अक्षर नाही. जन्मभर वाचत आलो, पण हे कधी टोचलं नव्हतं.

म्हणून काल धर्मगुरूंकडे गेलो. अब्राहामाच्या खाली तुमचंही नाव कोरायला त्यांची हरकत नाही. कारागिराला थांबवलं आहे. नाव कसं लिहायचं, तेवढं कळवा.

चिरंजीव जेवतो, कामावर जातो, एवढंच. त्याची आई त्याच्यापुढे ताट ठेवते आणि तिथेच बसून राहते.

रागावलात तरी चालेल, पण लिहीत राहा.

आपला,
व्याही

१८ फेब्रुवारी

व्याहीबुवांस,
स. न. वि. वि.

तुम्ही हसलात, बरं झालं. आमच्या घरातही पत्र वाचून दाखवलं, तर बायको म्हणाली, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाशी भांडण उकरून काढणारे तुम्हीच एक. मग ती आत गेली आणि तिथे रडली. वर्षभरात पहिल्यांदाच.

माझं नाव कोरू नका. दोन दिवस कात्री हातात धरली नाही, नुसता विचार केला. कपडा घालणाऱ्याच्या मापाने बेततात, शिवणाऱ्याच्या नाही. तिने ते नाव आपणहून घेतलं, आणि घेताना माझी काळजी करून घेतलं. एवढं मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता तिच्या नावाखाली मी आपलं ठिगळ लावणार नाही. ‘अब्राहामाची लेक’ एवढंच राहू द्या. कारागिराला फार थांबवू नका, आधीच वर्ष होत आलं.

दगड बसवायच्या दिवशी आम्ही दोघं येतो. तुमच्या रीती मला ठाऊक नाहीत. कुठे उभं राहायचं, डोकं झाकायचं की नाही, ते आधी लिहून कळवा, म्हणजे तिथे चारचौघांत चूक व्हायला नको.

जावयांना मी अजून पाहिलेलं नाही. त्यांनी मला बाबा म्हणावं, असा आग्रह नाही. पण म्हणालेच, तर ओ देईन.

आपला,
व्याही