दगडावरची थाळी

३ ऑक्टोबर १९८८
आले एकदाची! निम्मी हाडं रत्नागिरीच्या एसटीने खिळखिळी केली, उरलेली पायवाटेने. उपकेंद्र म्हणजे कौलारू दोन खोल्या, एक टेबल, लसींचा डबा आणि सोनूबाई. ही इथली सुईण. निम्मी वाडी तिच्याच हातांवर जन्मली, आणि हे ती ज्याला त्याला तोंडावर ऐकवते. मी कराडची नर्स, मासे खात नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मला गाव आवडलं.

९ ऑक्टोबर
मळ्याच्या टोकाला खोपी आहे, तिच्याखाली उतारावर जांभ्याचा दगड. पूर्वी देवीच्या साथीत आजाऱ्याला तिथे ठेवायचे. त्याने थाळी वाजवली की दगडावर जेवण ठेवायचं आणि मागे न बघता परत यायचं. सोनूबाईची आई तिथेच गेली. आता तिथे भागोजी आहे. मुंबईला गोदीत होता, इस्पितळाने एड्स सांगून घरी पाठवला. मी त्याला अंघोळ घातली, पेज भरवली, मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं. शिवल्याने हा रोग होत नाही, हे घसा बसेपर्यंत सांगितलं. लोक माना डोलावतात आणि मागे सरकतात.

त्याची बायको राही गरोदर आहे, सातवा महिना. तिने विचारलं, माझ्यावरही ही पाळी येईल का. मी म्हटलं, मी असताना नाही. आणि वाजवलीसच थाळी, तर सगळ्यांत आधी मी धावत येईन.

२ नोव्हेंबर
भागोजी गेला. खांद्याला माणसं पुरेनात. शेवटी मीच पदर खोचला.

२१ नोव्हेंबर
राहीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. तिलाही लागण आहे. खूप रडले. मग शहाणपणा केला. बाळंतपणात सोनूबाईचे हात रक्तात असणार, म्हणून तिला एकटीला सांगितलं, रबरी हातमोजे दिले, कुठे बोलू नकोस म्हटलं. तिने गळ्याला हात लावून शपथ घेतली.

२४ नोव्हेंबर
राहीला खोपीत नेऊन ठेवलं! सोनूबाई म्हणते, गावापासून लपवलं असतं तर पाप लागलं असतं. मी दिवसभर भांडले. राहीचा दीर केरू मान खाली घालून उभा. शेवटी राहीच म्हणाली, आसू दे बाय, तुमी हाव ना.
खोपीत तर खोपीत, बाळंतपण मीच करीन. अजून तीन आठवडे आहेत.

३ डिसेंबर
तालुक्याला मीटिंग होती. शेवटची एसटी चुकली, मुक्काम पडला. सकाळी आले तर सोनूबाई दारातच बसलेली. राही काल दुपारपासून थाळी वाजवत होती. सगळ्या वाडीने ऐकली. जेवण ठेवलं, सोनूबाई म्हणाली. परत वाजली, परत ठेवलं. हातमोजेही ठेवले.
दगडावर भाताची पानं, मोजे जसेच्या तसे. खोपीत राही आणि मुलगी. दोघीही थंड. थाळी राहीच्या हातात, काठ चेपलेला.
मी नव्हते. मी नव्हते गं.

७ डिसेंबर
थाळी मी माझ्या हाताने व्हाळाच्या वाहत्या पाण्यात टाकली होती. आज तिन्हीसांजेला ती वाजली. केरूनेही ऐकली, म्हैस बांधता बांधता थांबला. म्हणजे मला भास नाही. सोनूबाई उठली, भात वाढला, दगडावर ठेवून आली.

११ डिसेंबर
रोज वाजते. रोज पान जातं. तिला जेवण नको आहे — कुणाला कसं कळत नाही — तेव्हाही जेवण नको होतं —

१४ डिसेंबर
आज दुसरा आवाज. बारीक. वाटीवर चमचा वाजवावा तसा.
सोनूबाईने कानांत बोळे घातले. रडत होती.

१५ डिसेंबर
आले, राही. उशीर झाला गं, पण आले. खोपीतच लिहितेय. अजून उजेड आहे. थाळी इथेच — तीच, चेपलेली — ओली.
वाजवून बघितली. खाली सोनूबाई आली. मी नावाने हाका मारल्या, हात हलवला. तिने पान दगडावर ठेवलं. मागे न बघता गेली.
परत वाजव — नाही, वाजवता येत नाही — मागून कुणीतरी थाळी काढून घेतली. हळूच.
मांडीवर काहीतरी ठेवलंय. हलकं. थंड. मोजे नाहीत माझ्याकडे, राही, नकोत मला. बोट दिलं. धरलंय. किती घट्ट — सोडत ना —