आईच्या बॅगेची गाठ

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

आम्ही खुशाल आहोत. हिचा खोकला गेला, मी वेळेवर जेवतो. भाऊजींचा गुडघा कसा आहे? उगाच जिना चढू-उतरू नका म्हणावं.

आई जाण्याआधीच्या वर्षात तिने आम्हाला नुसतं पळवलं. आधी समुद्र, मग डोंगर, मग नातीचं नवं घर. दर वेळी तिची ती निळी बॅग, चेन धड असूनही सुतळीने करकचून बांधलेली. स्टेशनवर तपासणीवाल्याने विचारलं, "आजी, आत काय आहे?" आई म्हणाली, "साड्या आहेत. नेसतोस?" त्याने हात जोडले आणि बॅग पुढे सरकवली.

कुणी न शिकवता मी शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकलो. एकही मशीन बंद अवस्थेत परत पाठवलेलं नाही. पण ती गाठ मला सुटत नाही. आईने ती फक्त तुला शिकवली. मला म्हणायची, "तुझ्या हाती बांधलेलं काही टिकतं का? लगेच खोलून बघतोस."

हॉस्पिटलला निघतानाही तिने बॅग स्वतःच बांधली. तिथे ती उघडायची वेळच आली नाही. बॅग तेवढी घरी आली.

ही म्हणते, सुतळी कापा. कात्री समोरच आहे, धारही मीच लावलेली. पण हात धजत नाही.

तूच येऊन सोड, ताई. मात्र सोडण्याआधी मला एकदा ती नीट बघू दे, म्हणजे तशीच परत बांधता येईल.

आता फक्त तुझाच,
धाकटा