कामगारांची संख्या : एक

भोर, ११ फेब्रुवारी २००४

आदरणीय हलिमा आपा आणि दुल्हाभाई यांना भोरहून जलीलचा मनापासून सलाम. हितं मी खुशाल आहे (म्हणजे डाव्या हाताची तीन बोटं सोडून बाकीचा खुशाल आहे, त्या बोटांचं पुढं येईल). दुल्हाभाईंचा गुडघा थंडीत कुरकुर करतो असं मागच्या पत्रात होतं, तर शेक चालू ठेवा आणि त्यांना जिना चढू देऊ नका. तुमचा खोकला गेला असंल अशी आशा आहे. गेला नसंल तर तुमी कुणाला सांगणार न्हाई, हेही मला ठाऊक आहे.

तुमची भावजय शाहिस्ता तिकडं वाईला येऊन आज सोळा दिवस झाले. तिनं तिची बाजू तुमाला सांगितली असंल (आणि ती खरीच असंल, तिला वाढवून बोलायची सवय न्हाई, ती सवय आपल्या घराण्याची). पण माझी बाजू तुमाला माझ्याशिवाय कुणी सांगणार न्हाई, म्हणून हे पत्र लांबणार आहे. चहा करून घ्या आणि बसा.

तुमाला ठाऊकच आहे की रोहिडा, रायरेश्वर, तोरणा असं हिंडून आलेली पुण्याची मंडळी आपल्या शिलाईच्या दुकानात थांबतात. कुणाची सॅक उसवलेली, कुणाची विजार नको तिथं फाटलेली. त्यातूनच पुण्याच्या एका डोंगरकपड्यांच्या कंपनीला माझं नाव कळलं. कंपनीचं नाव रानझुळूक. गेल्या सप्टेंबरात त्यांच्या प्रगती मॅडम आल्या. पोरगीच आहे, तुमच्या लेकीच्या, अम्रीनच्या वयाची, पण हातात जाड फाईल. तिनं सांगितलं की कंपनीनं ठरवलंय, जुनं जाकीट शिवून चालत असंल तर गिऱ्हाईकाला नवीन घ्या म्हणायचं न्हाई. आमचं जाकीट कुणीही कधीही घेऊन या, जन्मभर फुकट शिवून देऊ, पावती मागणार न्हाई. एवढं ऐकून मला वाटलं ही कंपनी सहा महिन्यांत बुडणार. पण तिचा चेहरा इतका सरळ होता की म्या हो म्हटलं. भोरचं दुरुस्ती केंद्र म्हणजे आपलं दुकान.

मग तिनं एक छापील वचननामा दिला. त्यातला पहिला अर्धा भाग डोंगर, झाड आणि नदीला दिलेल्या वचनांचा, दुसरा अर्धा माणसांना दिलेल्यांचा. म्या पहिला अर्धा मन लावून वाचला आणि पाळलाही. चिंध्या जाळणं बंद केलं (थंडीत शेजारी नाराज झाले), प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या, नायलॉनचा दोरा बंद केला. नीरेत कसलं रंगाचं पाणी सोडता का, असा प्रश्न होता. म्या लिहिलं, दुकानात पाणी फक्त चहाला लागतं आणि तो आमी पितो. दुसरा अर्धा मात्र वाचायचा राहिला. तिथंच माझं चुकलं, आपा. पुढचं सगळं त्या न वाचलेल्या पानांतून आलं.

प्रगती मॅडमनं बाकावर बसून फॉर्म भरायला घेतला. आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? म्या म्हटलं, खिडकी आहे, पण ती कपाटामागं आहे. तिनं लिहून घेतलं. पाठ टेकायला खुर्ची आहे का? म्या माझी दाखवली. मग तिनं विचारलं, कामगारांची संख्या? म्या म्हटलं, एक. मीच. बाकी घरची मदत करते.

शाहिस्ता तवा दोन हातांवर खाली चटईवर बसली होती. एका सुती जाकिटाच्या आतल्या मुडपातून एकेक धागा ओढून काढत होती, रफूसाठी. (रफू तुमी बघितलाय तिचा. कापडाचाच धागा काढून ती भोक असं विणते की भोकालाच आठवत न्हाई आपण कुठं होतो ते.) मॅडमनं मान वर केली, तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि 'एक' लिहिलं. शाहिस्ताचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. हे मला आज आठवतंय. त्या दिवशी मी काही वेगळं बोललो असं मला वाटलंच न्हाई, कारण बावीस वर्षं मी तेच बोलत आलोय.

महिन्याभरात कंपनीकडून दोन वस्तू आल्या. एक, पाचशे कापडी लेबलं. 'हे जाकीट भोरच्या जलीलने दुरुस्त केले.' म्या ती अख्ख्या आळीला दाखवली, तुमालाही एक पाठवलं होतं. दुसरी, तक्रारपेटी. पत्र्याची, वर फट, बाजूला कुलूप, किल्ली पुण्याला. नियम असा की कामगारानं नाव न घालता तक्रार टाकायची, मालकानं पेटी उघडायची न्हाई, तीन महिन्यांनी कंपनीचा माणूस येऊन चारचौघांत वाचणार. मी लई हसलो. दुकानात मी आणि ती. मी म्हटलं, चला, चिल्लर टाकायला डबा झाला. शाहिस्ता हसली न्हाई, पण त्या दिवसापासून पेन्सिल कानावर खोचून बसायला लागली. मला वाटलं मापं लिहायला.

आता हरिबाचं. वेल्ह्याच्या पुढं पासलीच्या वर एक वाडी आहे, तितं हा हरिबा गाई आणि शेरडं राखतो. साठीचा माणूस. रानझुळूकचं एक जाकीट त्याला कुणा डोंगर चढणाऱ्यानं पावसात अंगावरचं काढून दिलेलं. ते त्यानं सात वर्षं वापरलं, त्यात नवी जन्मलेली करडं गुंडाळली, आणि शेवटी एका गाईचं शिंग अडकून पाठीवर हातभर फाटलं. दोन एस्ट्या बदलून तो भोरला आला आणि दारातच उभा राहून म्हणाला की फुकट शिवत्यात असं ऐकलं, पण म्या इकत घेतल्यालं न्हाई. म्या त्याला वचननामा वाचून दाखवला. (पहिला अर्धा.)

त्या जाकिटाला शाहिस्तानं नऊ दिवस घेतले. करडांच्या दुधाचा वास जाईना, म्हणून मी ते लांब धरायचो, ती मांडीवर घेऊन बसायची. ते घ्यायला हरिबा आला तो दिवस आणि प्रगती मॅडम पेटी उघडायला आल्या तो दिवस एकच निघाला. हरिबानं जाकीट उलटं केलं, सुलटं केलं, डोळे मिटले आणि पाठीवरून बोट फिरवलं. फाटलेली जागा त्याला सापडेना. मग त्यानं कॉलरीतलं लेबल मॅडमकडून वाचून घेतलं आणि माझ्या हाताकडं बघितलं.

"हे तुमच्या बोटाचं काम न्हाई," तो म्हणाला. "ह्या बाईचं हाय."

म्या म्हटलं, "व्हय, ती मदत करते."

"मदत?" हरिबा खरंच गोंधळला. "मंग तुमी काय करता?"

आपा, त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला माहिती हवी होती. आणि म्या घाईनं मॅडमला म्हटलं, पेटी उघडा.

पेटीत अकरा चिठ्ठ्या निघाल्या. पेन्सिलीनं लिहिलेल्या, 'ळ' येईल तितं तो उलटा (चौथीपासून तिचा तो उलटाच आहे). मॅडम वाचत गेल्या. मालक टाचण्या तोंडात धरून बोलतात, एक दिवस गिळतील. मालक क्रिकेटचा रेडिओ इतका मोठा लावतात की कामगाराला मशीन बिघडलेली ऐकू येत न्हाई. मालकाला जेवायला तीन हाका माराव्या लागतात, कामगाराचा घसा बसतो. खिडकी उघडा. पुढच्या चिठ्ठीत परत, खिडकी उघडा. हरिबा मोठ्यानं हसत होता, मीही हसत होतो. मग मॅडमनं शेवटची उघडली आणि जरा थांबून वाचली.

'फॉर्मवर कामगार एकच लिहिला आहे. मग ही तक्रार कोण लिहीत आहे?'

आणि तवा मी, तुमचा धाकटा भाऊ, सगळ्यात वाईट वाक्य बोललो. म्या म्हटलं, "अहो मॅडम, घरातलीच बाई हाय, तिची कसली तक्रार? थट्टा करतीय."

शाहिस्ता उठली. जाकिटाची घडी घातली, हरिबाच्या हातात दिली आणि त्याला म्हणाली, "भाऊ, करडाला गुंडाळा खुशाल, निघणार न्हाई." बोटावरचं पितळी टोपण, अंगुस्तान, काढून डबीत ठेवलं आणि आत गेली. रात्रीचं जेवण नेहमीसारखं वाढलं, एकाच हाकेत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढं एक कागद ठेवला. मला वाटलं रेशनकार्डाचं काही असंल, म्या सही केली. ती एसटीत बसल्यावर वाचलं. 'वचननामा, दुसरा भाग, नियम सहाप्रमाणे कामगारास बारा दिवसांची हक्काची रजा मिळावी.' तिनं दुसरा अर्धा वाचला होता, आपा. पाठ केला होता.

पहिले दोन दिवस मी रागात काढले, तिसऱ्या दिवशी एक विजार आली. म्या ठरवलं, रफू म्हणजे काय, दोराच आत-बाहेर करायचा. भोक बंद झालं, पण खिसाही बंद झाला, आणि विजारीचा मालक हात घालायला गेला तवा मला कळलं. मग मी तिच्या चटईवर जाऊन बसलो, बघू तरी म्हटलं ती कशी करते. बसल्यावर उजेडच येईना. आपा, त्या जागी दारातला उजेड फक्त मान वळवून, एक खांदा वर करून मिळतो. बावीस वर्षं ती तशी बसली. खिडकी माझ्या कपाटामागं, आणि कपाटात काय, तर माझे जुने कॅटलॉग. मग कपाट ओढलं (कमरेत उसण भरली, ती उतरली), खिडकी उघडली, तर कडीत चिमणीनं घरटं केलेलं. ते तसंच ठेवून एकच दार उघडलंय.

मग पीसीओवरून प्रगती मॅडमला फोन लावला. म्हटलं, फॉर्म बदला, संख्या दोन करा, आणि ती लेबलं फेकून नवी छापा. फॉर्मला ती एका पायावर तयार. पण लेबलांवर अडली.

"चाचा, तयार झालेली कुठलीच वस्तू फेकायची नाही, असं पहिल्या भागात वचन आहे. ती संपू देत, मग नवी छापू."

म्या म्हटलं, "बेटा, भोर तालुका किती फाटला तरी ती संपायला चार वर्षं लागतील."

"मग काय करायचं?"

"मी बघतो," म्हटलं.

शेजारच्या रतनबाई भरतकाम शिकवतात. त्यांच्याकडं बारा पोरींच्या मागं पाट टाकून मी सुई धरायला शिकलो. जलीलच्या आधी 'शाहिस्ता आणि' एवढं भरायचं. लेबल दोन बोटं रुंद, आणि तिच्या नावातला 'स्ता' माझ्या हातून दर वेळी रेड्याएवढा होतो. पहिल्या लेबलावर 'शाहिस्ता' मावली आणि 'आणि' मागच्या बाजूला गेलं. अंगुस्तान तिचं, माझ्या बोटात जात न्हाई, म्हणून तीन बोटांची चाळण झालीय. पण आजवर चौऱ्याऐंशी झाली. शेवटची दहा-बारा वाचता येतात.

बाकी माझं सगळं उत्तम चाललंय. तिला सांगा, बारा दिवस उलटून गेले तरी हरकत न्हाई, रजा वाढवायची तर खुशाल वाढव, हितं काही अडलेलं न्हाई. तुमच्या गच्चीवर ऊन खाऊ दे, झोपू दे. घाई न्हाई.

तुमचा भाऊ,
जलील

ता. क. : एक लहानसं काम आहे. नव्या फॉर्मवर 'रफूप्रमुख' असा रकाना म्या मॅडमकडून घालून घेतलाय, त्यावर शाहिस्ताची सही लागते. फॉर्म सोबत जोडतोय. रजेवरच्या कामगाराला परत बोलावता येत न्हाई, तसा नियम आहे, म्हणून मी बोलावत न्हाई. फक्त सही घ्या आणि उलट टपाली पाठवा.

ता. क. दोन (गुरुवार, सारोळे) : टपालाला लई दिवस लागतात, आणि सहीचा कागद गहाळ झाला तर पंचाईत, म्हणून स्वतःच निघालोय. कापूरहोळला गाडी बदलली, तिचं चाक सारोळ्याच्या पुलाअलीकडं बसलंय. रस्त्याकडेला बसून लिहितोय. वर लिहिलंय की हितं काही अडलेलं न्हाई, ते वाक्य खोडायचं होतं, पण खोडलेलं पत्र बरं दिसत न्हाई. तुमीच ते गाळून वाचा.

ता. क. तीन (वाई) : आपा, फॉर्म मशीनवरच राहिला. आता पिशवी उपडी केली तवा कळलं. म्हणजे माझ्याकडं यायचं काही कारण उरलेलं न्हाई. तरी आलोय. तुमच्या दाराबाहेर ओट्यावर बसलोय, हे पत्र दुल्हाभाईंच्या हाती आत पाठवतोय. वाचून झालं की शाहिस्ताकडं द्या. तिला सावकाश वाचू दे, अक्षर माझं नेहमीपेक्षा वाईट आलंय. मी हितंच आहे.