बारक्याच्या गाडीचा डॅशबोर्ड

चिमणे,

चिठ्ठी तुझ्या बुटात ठेवतोय, कारण फ्रीजवर लावलेलं सगळं आई आधी वाचते. वाचून फाडून टाक.

माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचा डॅशबोर्ड पार तडकला होता, म्हणून काल भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचा दुसरा आणला. एक चीर नाही. मी खुशीत होतो. आज बसवायला उलटा केला, तर खालच्या कडेला सोल्डरिंग करताना माझ्याच हातून जळलेलं भोक, आणि ते झाकायला आपल्या बारक्याने थापलेलं काळं बूट पॉलिश. आठवतंय ना, त्यावरून दोन दिवस अबोला धरला होता त्याने? म्हणजे बारक्या स्वतःची जी गाडी परगावी घेऊन गेला, तिचाच हा डॅशबोर्ड.

आणि परवाच त्याचा मेसेज होता, 'गाडी झकास पळतेय.'

सकाळपासून चारदा फोन केला, उचलत नाही. लगेच मेसेज येतो, 'कामात आहे.' महिनाभरात त्याचा आवाज ऐकलायस तू? मी तरी नाही.

मी भंगारवाल्याकडे जातोय. गाडी कुणी आणून टाकली ते कळल्याशिवाय तिथून हलणार नाही. आईला सांग, पार्ट बदलायला गेलाय. तिची दुपारची गोळी विसरू नकोस.

एक काम कर. बारक्याला मेसेज टाकून विचार, ते भोक कशाने झाकलं होतंस रे? तुमची थट्टा रोजचीच, संशय येणार नाही. बूट पॉलिश सोडून दुसरं काहीही उत्तर आलं, तर आधी दाराला आतून कडी घाल, मग मला फोन कर.

दादा