होडीला आधी पाणी पाजायचं

प्रिय धाकट्या,

पन्नाशी उलटलेल्या माणसाला अशी हाक मारते म्हणून हसू नकोस. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू दप्तर फेकून थेट होड्यांच्या कारखान्यात पळायचास आणि मी ताट घेऊन तुझ्यामागे. वहिनीचा तेवढा हक्क राहतोच. फोनच केला असता, पण हल्ली मी फोन उचलला की तुझा दादा शेजारी येऊन बसतो. म्हणून हे पत्र फेरीबोटीच्या तांडेलाजवळ देतेय. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

आधी बातमी. आपली म्हातारी पाण्यात उतरली! तुमच्या वडिलांनी बांधलेली, वादळात मोठ्या जहाजांना बंदराची वाट दाखवणारी ती होडी इतकी वर्षं संग्रहालयात धूळ खात होती. या रविवारी जुन्या होड्यांची फेरी आहे, धक्क्यापासून दीपगृहापर्यंत, आणि म्हातारी सगळ्यांच्या पुढे. सुकाणूवर दादा, आत शाळेची पोरं. संग्रहालयाच्या बाई तर ह्यांना कुठे ठेवू नि कुठे नको असं करतायत. पाण्यात सोडली त्या दिवशी आत थेंबभर पाणी आलं नाही, धक्क्यावर नुसत्या टाळ्या. मी मात्र टाळी वाजवली नाही.

अरे, वर्षानुवर्षं वाळलेली होडी ती. फळ्या आक्रसलेल्या, फटींत बोट जाईल. या घराची रीत मला बाहेरून आलेलीलासुद्धा पाठ आहे. होडीला आधी पाणी पाजायचं. ओली पोती अंथरायची, लाकूड फुगू द्यायचं, फटी आपापल्या मिटू द्यायच्या, मग उरेल तिथे कापूस. यावरून ह्यांनी किती जणांना शिव्या घातल्यात! आणि म्हातारीची डागडुजी चालली असताना मी चहा घेऊन गेले, तर हे कोरड्या ठणठणीत फटींत कापूस ठासत होते, छिन्नी लावून, हातोड्याने, दगडासारखा घट्ट. मला वाटलं, थट्टा चाललीय. मी म्हटलंसुद्धा, की आज पाणी न देताच जेवायला वाढलंत वाटतं. ह्यांनी वर पाहिलं आणि मला विचारलं, की धाकटा शाळेतून आला का.

येईल एवढ्यात, असं म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार? घरी येऊन मोरीत तोंड दाबून रडले. मग स्वतःचीच समजूत घातली, की माणूस दमला की बरळतो. दुसऱ्या दिवशी ह्यांचा चष्मा पिठाच्या डब्यात सापडला, तेव्हा तीही समजूत संपली.

आता म्हातारी बोलायला लागलीय. धक्क्याला बांधलेली असते, पाणी शांत असतं, आणि आतून कट्ट असा आवाज येतो. लाकूड फुगतंय, फटीत जागा नाही, मग फळ्या बरगड्यांवरून उचकटतायत. काल दुपारी मी आत उतरले. खिळे सैल झालेत रे. एक तर नुसत्या बोटांनी हातात आला. एखादी बरी लाट आली की कूस उघडेल, आणि आत ती पोरं, गाणी म्हणत बसलेली. त्या विचाराने जेवण जात नाही मला.

खिळा मी ह्यांच्यापुढे धरला. अंगावर येतील असंच वाटलं होतं. परवा संग्रहालयाच्या माणसाने होडीला हात लावला तर त्याच्यावर हातोडा उगारला होता. पण हे घाबरले, धाकट्या. खिळा मुठीत लपवला, दाराकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन सांगितलं, की हे धाकट्याने केलंय, पोर आहे, बाबांना बोलू नकोस, मीच केलं म्हणून सांगतो. आठवतं ना तुला? एकदा तू खरंच कोरड्यात कापूस ठासला होतास, आणि बाबांचा मार ह्यांनी खाल्ला होता. त्या वळांवर तेल मीच लावलं होतं.

म्हणून लिहितेय. ये. दुसऱ्या कुणाला हे होडीपाशी फिरकू देणार नाहीत, पण तुझी चूक निस्तरतील. दारात उभा राहा, मान खाली घाल आणि म्हण, की दादा, चुकलं माझं. कान धरतील, धरू दे. मग दोघं मिळून म्हातारीला पाण्याबाहेर ओढा आणि तो कापूस उपसा. शनिवारच्या बोटीने तू आला नाहीस तर मी बाईंकडे जाऊन सगळं सांगेन, पोरांचा जीव मी टांगणीला लावणार नाही. पण मग ह्यांच्या हातातला हातोडा कायमचा जाईल, आणि त्यानंतर हे कशाच्या आधाराने उठतील सकाळी, याची मला फार भीती वाटते. रोज शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभे राहतात. आत्ताही तिथेच आहेत.

ताट घेऊन तुझ्यामागे धावलेली,
तुझीच
वहिनी